वाढलं ते कोणाचं?

दादा, जायच्या चार दिवस आधी तू मला हातानं खूण करून जवळ बोलावलंस, तेव्हा मी मनाची तयारी केली. आता निरवानिरवीचं काही सांगशील, घराकडे लक्ष ठेव म्हणशील, वहिनीला एकटं पाडू नको म्हणशील, असं वाटलं. नागपूरच्या त्या दवाखान्यात तुझ्या नाकात नळी होती, डोळे पिवळेजर्द झाले होते आणि पोट पाण्यानं फुगलं होतं. मी कान तुझ्या तोंडाशी नेला, आणि तू विचारलंस, "वंदे, त्याले थांबाचं कसं समजते व?"

"कोणाले?"

"लिव्हरले. कापलं तं वाढते म्हणतं ना तू. वाढते तं वाढते, पण मापात आलं का थांबते. मंग त्याले कोण सांगते, का बाप्पा, आता बस झालं?"

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "आता तरी गप पड दादा. झोप." तू गप पडलास. आपल्या दोघांमधलं ते शेवटचं धड बोलणं. त्यानंतर तू शुद्धीत कमी आणि ग्लानीत जास्त होतास. साकोलीच्या ज्युनियर कॉलेजात एकवीस वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला उभ्या आयुष्यात विचारला गेलेला सगळ्यात चांगला प्रश्न, आणि तिनं विचारणाऱ्याला गप पड म्हटलं. वर्गात एखाद्या पोरानं हे विचारलं असतं तर मी त्याला डोक्यावर घेऊन नाचले असते.

म्हणून आता लिहायला बसले आहे. तू ऐकणार नाहीस हे मला समजतं. पण जिवंतपणी तरी तू माझं उत्तर पूर्ण कधी ऐकलंस? अर्ध्यावर आलं की तुझा दुसरा प्रश्न तयार असायचा. शाळेतही तेच. सातवीत तू गुरुजींना विचारलंस, मासोळी पाण्यात राहते तर तिला तहान लागते का. गुरुजींनी छडी काढली, आणि दुसऱ्या दिवसापासून तू बाबांबरोबर मासे धरायला तलावावर जायला लागलास. शाळा का सोडली, असं कोणी विचारलं की तू जन्मभर ही छडी दाखवायचास. खरं सांगू का? तुला शाळेपेक्षा तलाव आवडायचा, छडी फक्त निमित्ताला आली. निमित्त शोधण्यात तुझा हात कोणी धरला नसता.

तुझं लिव्हर कुठल्याशा जुन्या काविळीनं आतून सुकत गेलं होतं. दारूच्या थेंबाला न शिवलेल्या माणसाला गावानं बेवडा ठरवून टाकलं, कारण लिव्हर म्हटलं की गावाला दुसरं कारण ठाऊकच नाही. तुला त्याची गंमत वाटायची. "पेलो असतो तं निदान मजा तरी आली असती," म्हणायचास. डॉक्टर म्हणाले, घरातल्या कोणीतरी लिव्हरचा तुकडा द्यावा लागेल. वहिनीचा रक्तगट जुळला नाही, माझा जुळला. तू दोन आठवडे नाही म्हणत राहिलास. बहिणीचं अंग कापून मी जगू काय, हे एकच पालुपद. रडून झालं, भांडून झालं, तू ढिम्म. शेवटी मी कंटाळून म्हटलं, "अरे, माझं राहिलेलं परत वाढणार आहे. आणि तुला दिलेलंही तुझ्या पोटात वाढणार आहे. किडनी वाढत नाही, हृदय वाढत नाही, हे एवढंच असं वाढतं."

तू बाजेवर उठून बसलास. "वाढते? तुयंही अन् मायंही? दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"कसं काय व?"

तिसऱ्या दिवशी तू हो म्हणालास. तू जगण्यासाठी हो म्हटलंस की हे कसं होतं ते बघण्यासाठी, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ऑपरेशननंतर मी आधी उठले. पोटावर टाके, एका हातानं भिंत धरलेली, अशी मी तुझ्या खोलीत आले, तर तू मला कशी आहेस हेसुद्धा विचारलं नाहीस. म्हणालास, "वंदे, बाजूचं कापून नेलं हे त्याले समजते कसं? डोये तं नाही त्याले." मी खुर्चीत बसून, टाके सांभाळत, तुला सांगायला लागले. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये शिरतं. लिव्हर कापून अर्धं केलं म्हणून आतडी काही अर्धी होत नाहीत, रक्त येतं ते तेवढंच. आता एवढ्याशा तुकड्यातून ते सगळं जायचं, म्हणजे आतल्या बारीक बारीक वाटांवर ताण येतो.

"तलावाले पाणी सोडाची दोन दारं असली," तू म्हणालास, "अन् एक बंद केलं, का दुसऱ्यावर सगळा जोर येते. मले चौकीदारानं सांगाची गरज नाही. दारावर हात ठेवला का समजते."

बरोबर तसंच, मी म्हटलं. वाटेच्या भिंतींना हा जोर जाणवतो आणि त्या निरोप पाठवायला लागतात. निरोप म्हणजे प्रथिनं, रक्तातून आणि शेजारच्या पेशीकडून शेजारच्या पेशीकडे जाणारी. लिव्हरच्या पेशी एरवी निवांत असतात, वर्षानुवर्षं दुभंगत नाहीत. त्यांना आधी जागं करावं लागतं. ते काम लिव्हरमधल्या साफसफाई करणाऱ्या पेशी करतात, त्या इंटरल्युकिन नावाचा निरोप सोडतात. पण नुसतं जागं होऊन भागत नाही. मग दुसरा निरोप येतो, तो वाढीचा. तो आला की जागी झालेली पेशी दुभंगायला लागते, एकीच्या दोन होतात.

तू डोळे मिटून ऐकत होतास. मला वाटलं झोपलास. पण म्हणालास, "म्हंजे आधी पाणी बडवाचं, मासोया जाग्या कराच्या, मंग जाळ्याकडे हाकलाच्या. नुसतं बडवून काय होते?" माझे टाके दुखायचे म्हणून मला हसता येत नव्हतं. आमच्या बारावीच्या वर्गातल्या साठ पोरांना जे चार तासांत समजत नाही, ते तुला पाच मिनिटांत समजलं होतं. मी ते तुला त्या दिवशी बोलून दाखवलं नाही, कारण तुला चढवून ठेवणं बरं नव्हतं.

पण घरी आल्यावर तू बदललास. आधी आपलं दर दिवसाआड भांडण व्हायचं. फोनवर तू मला रागवायचास, एवढ्या उन्हात स्कूटरवर कायले फिरतं, भाजीत तिखट कमी कायले घालतं. ऑपरेशननंतर तू रागवणं सोडलंस. मी आले की बाजेवरून उठून उभा राहायचास. तू सांगशील तसं, म्हणायचास. माझ्या पुढे चालायचा नाहीस. सहा वर्षांनी मोठा असलेला भाऊ मागून खाली मान घालून येतो आहे, हे मला सहन होईना. भाऊ वाचवायला गेले होते आणि हाती आला एक आभारी पेशंट. मी मुद्दाम तुझ्या वस्तू लपवून पाहिल्या, जेवण खारट करून पाहिलं. तू ते खारट वरण निमूट जेवलास.

मग तीन-चार महिन्यांनी आपण तपासणीला नागपूरला गेलो. स्कॅनमध्ये तुझ्या पोटातला तुकडा वाढून पूर्ण मापाचा झालेला दिसला. माझंही लिव्हर भरून आलं होतं. परतताना एसटीत तू खिडकीजवळ, मी शेजारी. भंडारा मागे पडलं, कारध्याचा पूल ओलांडून झाला. मग बाहेर बघतच म्हणालास, "कापून देलं ते तुयं. ते समजलं. पण नंतर मायाजवळ वाढलं, ते कोणाचं म्हणाचं?"

मला उत्तर माहीत होतं, दादा. नवीन पेशी कुठून आभाळातून येत नाही. जुनी दुभंगते आणि तिच्या दोन होतात, दोघींमध्ये तोच धागा, दोघींवर तीच खूण. जे वाढलं ते माझ्याच पेशींची लेकरं होती. म्हणजे सगळं माझं. आणि तुझ्या रक्तातल्या पहारेकरी पेशी ती खूण ओळखतात, परकं घरात शिरलं म्हणून धावून जातात. त्यांना सुस्त ठेवायलाच तर तुला सकाळ-संध्याकाळ गोळ्या होत्या. हे सगळं मी तेव्हाच, त्या सीटवर, सांगायला हवं होतं. पण तुझी खाली गेलेली मान माझ्यासमोर होती. सगळं माझं आहे असं म्हणणं म्हणजे त्या मानेवर आणखी एक पोतं ठेवणं, असं मला वाटलं.

मी म्हटलं, "बटईचं समज."

आपल्याकडे बकरी बटईनं देतात. बकरी एकाची, चारापाणी आणि राखण दुसऱ्याची, आणि पिलं झाली की निम्मी निम्मी. आईनं लहानपणी आपल्या अंगणात अशा किती बकऱ्या पोसल्या. मी म्हटलं, "बकरी माझी, चारा तुझा. जे वाढलं ते अर्धं तुझं, अर्धं माझं."

तू एवढ्यांदा हसलास की पुढच्या सीटवरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. "अन् नाही तं काय! भात तं मीच खाल्ला ना. लिव्हर काय हवेवर वाढलं?" तू ताठ बसलास. लाखनी येईपर्यंत तू मला माझी पिशवी कशी वेंधळ्यासारखी भरली आहे, यावरून झापत होतास. मी दुसरीकडे तोंड करून डोळे पुसले. मला माझा भाऊ परत मिळाला होता आणि त्या एका वाक्याला मी मनातल्या मनात शंभरदा हात जोडले.

त्यानंतरची वर्षं काय मजेची गेली! तलावात जाळं ओढलं की तुझ्या वाट्याला आलेल्या मासोळ्यांमधल्या निम्म्या डब्यात भरून तू बसनं साकोलीला यायचास. "हे तुया वाट्याचं." नको म्हटलं तर भांडण. आमचे हे म्हणायचे, तुझ्या बकरीला चांगलं दूध आहे. स्कॅनमध्ये तुझ्या पोटातला तुकडा माझ्या पोटातल्यापेक्षा मोठा निघाला, तू अंगानं थोराड ना, तेव्हापासून तुला एक नवीनच टोमणा मिळाला. "पोरगी माहेरी आली का आंगानं भरते. तुयाजवळ बिचारीले खायले भेटत नव्हतं." येईल त्याला ऐकवायचास.

आणि ते बोडीचं भांडण. ते तर तीन वर्षं चाललं. तू म्हणायचास, एकाच दिवशी आणलेली, बोटाएवढी पिलं बोडीत टाकली, म्हणजे गावाबाहेरच्या त्या लहानशा तळ्यात, तर ती वीतभर होऊन थांबतात. तीच मोठ्या तलावात टाकली तर हातभर होतात. जात तीच, खाणं तेच. "लिव्हरले बी तसंच घर समजते. मायं घर मोठं, म्हून मायाजवळ मोठं झालं." मी म्हणायचे, अरे, तिथे रासायनिक निरोप असतात, घर समजायला ती काय सून आहे? तू म्हणायचास, मंग मासोळीले कोण निरोप पाठवते, ते सांग. मला सांगता यायचं नाही, आणि सांगता येत नाही हे कबूल करायचा माझा स्वभाव नाही. मी विषय बदलायचे. तू वहिनीकडे बघून डोळा मारायचास.

यंदा तू थकायला लागलास. आधी अंगाला खाज, मग डोळे पिवळे. दवाखान्यात भरती केलं तर रक्तात औषध फार कमी निघालं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित चालू होत्या ना? मी ठणकावून सांगितलं, अगदी नियमित. मग वहिनीनं मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"बाई," ती म्हणाली, "संध्याकायची ते घेत नव्हते. दोन वर्षं झाले."

"काहून?"

ती माझ्याकडे नवलानं बघत राहिली. "तुमीच तं सांगतलं होतं ना, अर्धं त्याईचं म्हून. ते म्हणे, सकायची गोळी वंदीच्या वाट्यासाठी. माया वाट्याचं तं मायंच आहे, त्याले गोळी कायले? मले वाटलं तुमाले इचारून करते."

संध्याकाळचीच का, तेही तिनं सांगितलं. गोळीनं तुझा हात थरथरायचा आणि दिवस मावळायच्या आधी तू जाळं शिवायला बसायचास, तेव्हा दोरा जाळ्याच्या घरातून ओवला जायचा नाही. तपासणीच्या आधी मात्र आठ दिवस तू दोन्ही वेळा घ्यायचास. "पावणे येणार म्हून आपण घर सारवतो ना," असं तिला म्हणायचास. मी प्रत्येक तपासणीला तुझ्याबरोबर होते आणि रिपोर्ट बघून खूश होऊन घरी येत होते.

दादा, दुसऱ्या कोणी गोळी विसरून सोडली असती, कंटाळून सोडली असती. तू विचार करून सोडलीस. मी घालून दिलेलं गणित तू नीट सोडवलंस, आणि उत्तर बरोबरच आलं. चूक गणित घालणाऱ्या बाईची होती.

संध्याकाळच्या गोळीचं कळल्यावर त्या दिवशी दुपारी डॉक्टर तुझ्या खाटेजवळ आले. त्यांनी तुला विचारलं, "एकाच वेळची गोळी घ्यायला कोणी सांगितलं तुम्हाला?" मी पायथ्याशी उभी होते. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मग डॉक्टरांना म्हणालास, "कोणी नाही सायेब. मायंच डोस्कं."

आणि मी गप्प राहिले.

डॉक्टर मला म्हणाले, मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी लक्ष द्यायचं. मी मान हलवली. पूर्ण गोळ्या घेतल्या असत्या तर हे नक्की टळलं असतं का, असं मी त्यांना नंतर एकटं गाठून विचारलं. ते म्हणाले, नक्की असं कोणी सांगू शकत नाही, तरी घेतल्या असत्या तर, आणि तिथेच त्यांना कोणीतरी हाक मारली. ते वाक्य तेव्हापासून मी रोज पूर्ण करते आहे. तुझ्या थांबण्याच्या प्रश्नावर मी चिडले ना, ती यामुळे. तुझा प्रश्न ऐकला आणि मला वाटलं, याला मी पुन्हा काही सांगू नये. माझ्या सांगण्यानं काय होतं ते मी बघत होते.

पण प्रश्न तर राहिलाच. तू गेल्यापासून मी फोनवर जे सापडेल ते वाचते आहे. दुःखात माणसं पोथी वाचतात, मी हे वाचते. मग ऐक. तुकडा वाढत जातो तसा प्रत्येक पेशीवर पडणारा भार कमी होत जातो. वाटांवरचा जोर उतरतो, जागं करणारे निरोप पातळ होतात आणि थांबा म्हणणारे निरोप जोर धरतात. शरीराला जेवढं काम लागतं तेवढं पुरं पडायला लागलं की वाढ थांबते. मोठ्या शरीरात उशिरा थांबते, लहान शरीरात लवकर. म्हणजे घर समजतं, दादा. बोडीचं भांडण तू जिंकलास. नेमकं कोणता निरोप आधी आणि कोणता नंतर, सगळ्यांत शेवटी 'बस' म्हणणारा कोण, हे मात्र अजून शोधणाऱ्यांनाही पुरतं कळलेलं नाही. हे तुला सांगता आलं असतं तर तू केवढा खूश झाला असतास. कोणालाच माहीत नाही असं काही सापडलं की तुझा चेहरा उजळायचा.

आणि आणखी एक सापडलं. पेशी माझ्या होत्या, पण त्यांना वाढा म्हणणारं रक्त तुझं होतं. थांबा म्हणणारं शरीर तुझं होतं. लिव्हरमधल्या त्या साफसफाई करणाऱ्या पेशी तर हळूहळू बदलतात, माझ्या जातात आणि तुझ्या हाडांच्या गाभ्यात तयार झालेल्या तिथे येऊन बसतात. म्हणजे बटई अगदीच खोटी नव्हती. वाचताना मला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. कारण गोळीच्या बाबतीत ती खोटी होती, आणि तुझा जीव गोळीवर होता.

मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं ते आता समजतं. बटईत बकरी कधीतरी परत करायची असते. मी तुझ्याकडून काहीच परत घेणार नव्हते. दादा, हे सगळं माझं आहे आणि सगळं तुला दिलं, एवढंच म्हणायला हवं होतं. तू दोन दिवस मान खाली घालून बसला असतास, फार तर दोन महिने. मग तुझ्या डोक्यात काही नवीन प्रश्न आला असता आणि तू माझ्याशी भांडला असतास. तुला एवढंही पेलवणार नाही असं मी का धरून चालले? तू मला लहानपणी खांद्यावर घेऊन नाला ओलांडायचास, तेव्हा माझं ओझं तुला होतं आहे असं मला कधी वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी राख सावडून माणसं घरी आली आणि अंगणात बसली. माझी पिशवी भरलेली होती. लग्न झालेल्या पोरीला भावाचं सुतक तीन दिवसांचं, अंघोळ करायची आणि सासरी जायचं, असा आपल्या घरचा रिवाज. मी दारात आले तेव्हा मामा, आईचे धाकटे भाऊ, चार माणसांना सांगत होते, "अडाणी माणूस. बहिणीनं आंग कापून देलं, अन् ह्यानं गोळ्या सोडून मातीत घातलं." माणसं मान हलवत होती. अडाणी! तुला! माझ्या अंगाची लाही झाली, पण तोंड उघडेना, कारण तुला अडाणी ठरवल्याशिवाय मी शहाणी राहणार नव्हते.

मग मी पिशवी घेऊन अंगणात उतरले आणि बोलले. कॉलेजची भाषा कुठे गेली कोण जाणे, तोंडातून आपलीच निघाली.

"मामा, गोळी त्यानं आपल्या मनानं नाही सोडली. वाढलेलं अर्धं तुयं आहे, असं मी सांगतलं होतं त्याले. ते खरं नाही, हे मले तवाच माईत होतं. डॉक्टरनं इचारलं तवा त्यानं मायं नाव घेतलं नाही. अन् मीही तोंड उघडलं नाही. अडाणी म्हणाचं तं मले म्हणा."

मामा आपल्या पायांकडे बघत राहिले. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती सगळं जाणून होती, आणि तिनं दवाखान्यात, स्मशानात, घरात, कुठेच ते बोलून दाखवलं नव्हतं. ती सावकाश पायऱ्या उतरून माझ्यासमोर आली. मला वाटलं, आता जा म्हणेल. म्हटली असती तर मी गेले असते.

"मंग ते अर्धं नव्हतं," ती म्हणाली. "सगळंच तुमचं होतं?"

"हो."

"वाढलं ते बी?"

"हो वहिनी."

ती विचार करत होती. तुझ्याबरोबर इतकी वर्षं काढून तिलाही ती सवय लागली असावी. "म्हंजे परवा चितेवर त्याईच्या पोटात होतं, ते बी तुमचंच आंग होतं. जितं होतं तवा तुमचं, अन् जळलं तवा बी तुमचं."

इतकं वाचलं, इतकं शिकवलं, पण हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

वहिनीनं माझ्या हातातली पिशवी घेतली. "राग आहे मले तुमचा," ती सगळ्यांसमोर म्हणाली, "तो जाईन तवा जाईन. पण सुतक तं सुतक आहे. तुमाले तीन दिवस कसे पुरतीन? आंग जळलं तुमचं. तुमी दहा दिवसांच्या." आणि ती पिशवी घेऊन आत गेली.

मी अंघोळ केली नाही. तिच्या मागोमाग आत जाऊन तिच्या शेजारी भुईवर बसले. दादा, आज सातवा दिवस आहे.